बेस गिटारवरचे नॉब: व्हॉल्यूम आणि टोन कानाने कसे लावायचे

साउंड चेकला बेसवादक स्टेजवर येतो, केबल लावतो, गिटारवरचे सगळे नॉब एका फटक्यात पूर्ण उघडतो आणि ॲम्पसमोर जाऊन बसतो. पुढची दहा मिनिटं ॲम्पवरचे नॉब फिरत राहतात. ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये, नवरात्रीच्या दांडियात, चर्चच्या क्वायरमध्ये, सगळीकडे मी हे पाहिलंय. पण ॲम्प बहुतेक वेळा आपला नसतो. आज हा, उद्या दुसरा, परवा ॲम्पच नाही, डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी छोटी पेटी) थेट मिक्सरला. गिटारवरचे नॉब मात्र कायम आपल्या हाताखाली असतात, आणि गाणं चालू असताना हात पोहोचतो तोही तिथपर्यंतच. म्हणून आधी गिटारवरचे नॉब, मग ॲम्प. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी ज्या क्रमाने हे दाखवतो, त्याच क्रमाने इथे लिहितो.

आपल्या बेसवर कोणते नॉब आहेत?

फेंडर कंपनीचा प्रीसिजन बेस १९५१ साली आला. त्यावर दोनच नॉब होते, एक व्हॉल्यूम, एक टोन. १९६० साली जॅझ बेस आला. त्याला दोन पिकअप, म्हणजे तारेची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग, होते आणि सुरुवातीला एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते, म्हणजे प्रत्येक पिकअपला स्वतंत्र व्हॉल्यूम आणि स्वतंत्र टोन. १९६२ च्या सुमारास ते जाऊन तीन साधे नॉब आले आणि तीच मांडणी रूढ झाली: नेककडच्या (गिटारच्या मानेकडच्या) पिकअपचा व्हॉल्यूम, ब्रिजकडच्या (तारा खाली जिथे टेकतात तिकडच्या) पिकअपचा व्हॉल्यूम आणि दोघांना मिळून एक टोन. आज दुकानात मिळणारे बरेचसे बेस या दोनपैकी एका घराण्यातले असतात. काहींवर दोन व्हॉल्यूमऐवजी एक व्हॉल्यूम आणि एक ब्लेंड, म्हणजे दोन पिकअपचं मिश्रण ठरवणारा नॉब, असतो. ब्लेंड मधोमध आला की बोटाला हलकीशी खाच लागते. तिथे दोन्ही पिकअप सारखे.

गिटारच्या पाठीला बॅटरीचं झाकण असेल तर तुमचा बेस ॲक्टिव्ह आहे, म्हणजे आत सिग्नल वाढवणारा छोटा प्रीॲम्प आहे. बॅटरी नसलेला तो पॅसिव्ह. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून ही पद्धत लोकप्रिय झाली. अशा बेसवर टोनच्या जागी बेस, ट्रेबल आणि कधी मिड असे वेगळे नॉब असतात. त्यांचं वागणं पॅसिव्ह टोनपेक्षा अगदी निराळं, म्हणून त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

कोणता नॉब कोणत्या पिकअपचा हे कळत नसेल तर ॲम्पचा आवाज अगदी कमी ठेवा आणि लहान स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक पिकअपवर हळूच टेकवा. जो पिकअप चालू असेल त्यातून टक् असा आवाज येतो, बंद असलेल्यातून येत नाही. एकेक नॉब बंद करत गेलात की दोन मिनिटांत उलगडा होतो.

नॉब फिरवण्याआधी

गिटार सुरात लावा. तारा किती जुन्या आहेत ते पाहा. तारा मळून मेल्या असतील तर टोन कितीही उघडा, फरक पडणार नाही. वरचा नाद तारेतच उरलेला नसतो. मग पिकअपची उंची. तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) दाबून धरा आणि पिकअपपासून तिचं अंतर बघा. दोन ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक. ब्रिजकडचा पिकअप फार खाली गेलेला असेल तर दोन व्हॉल्यूमचा मेळ कधीच जमणार नाही, आणि दोष नॉबना दिला जाईल.

ॲम्पवरचे बेस, मिड, ट्रेबल सगळे मधोमध ठेवा. ॲम्पवर आवाज रंगवणारी जादा बटणं असतील, डीप, ब्राइट, शेप अशा नावांची, ती बंद करा. ॲम्पला पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह अशी दोन इनपुट असतील तर आपल्या गिटारप्रमाणे निवडा. ॲक्टिव्ह इनपुट येणारा सिग्नल मुद्दाम थोडा कमी करून घेतं. संगणकावर रेकॉर्ड करत असाल तर ऑडिओ इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं हवं. ते राहून गेलं की पॅसिव्ह बेस बोथट वाजतो, आणि माणूस तासभर टोन शोधत बसतो.

व्हॉल्यूम

केबल लावताना गिटारचा व्हॉल्यूम आणि ॲम्पचा मास्टर दोन्ही शून्यावर. मग गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि गाण्यात जितक्या जोराने वाजवाल तितक्या जोराने ई तार वाजवा. खरंच तितक्या जोराने. साउंड चेकला सगळे हळू वाजवतात आणि कार्यक्रमात जोर चढतो. ॲम्पचा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब, हळूहळू वाढवत जा. क्लिपचा दिवा (सिग्नल फाटतोय हे सांगणारा) लागायला लागला की थोडा मागे या. आता मास्टरने खोलीला पुरेल इतका आवाज घ्या.

हे झाल्यावर गिटारचा व्हॉल्यूम (पूर्ण बंद म्हणजे ०, पूर्ण उघडा म्हणजे १० धरून) ८ च्या आसपास आणा आणि तिथेच वाजवायला सुरुवात करा. वरची उरलेली दोन घरं तुमच्या गाठीला राहतात. अंतऱ्यानंतरच्या म्युझिक पीसमध्ये बेसला पुढे यायचं असेल, ढोलकीच्या तुकड्यासोबत चार मात्रांची एक जागा घ्यायची असेल, तर ॲम्पकडे वळावं लागत नाही. करंगळीने नॉब पुढे ढकलला की काम झालं. सगळं आधीच दहावर ठेवलं तर पुढे यायला जागा नाही, मग वादक बोटांनी तार ओढत सुटतो, तार फ्रेटवर आपटते आणि सूर चढा लागतो.

नॉब फिरवताना आवाज सगळ्या पल्ल्यात सारखा बदलतो की शेवटच्या टोकालाच एकदम बदलतो, हे आत बसवलेल्या पॉटवर, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर, अवलंबून आहे. पॉटच्या पाठीवर ए२५०के छापलेलं असेल तर तो सहसा ऑडिओ टेपरचा (कानाच्या अंदाजाने बदलणारा), बी२५०के असेल तर लिनिअर (सरळ प्रमाणात बदलणारा). आपला पॉट कसा वागतो ते कानाने एकदा नीट तपासा. काही गिटारवर १० ते ७ मध्ये जेमतेम फरक जाणवतो, काहींवर ८ ला आलात की आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. दुसऱ्याच्या गिटारवरचे आकडे म्हणून आपल्या गिटारवर जसेच्या तसे चालत नाहीत. या लेखातलेही.

आणखी एक. पॅसिव्ह बेसवर व्हॉल्यूम खाली आणला की आवाजासोबत वरची धारही थोडी जाते. केबल स्वतःच एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखी (वरच्या कंपनांना वाट काढून देणारा विजेचा भाग) वागते, साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरड, आणि व्हॉल्यूम कमी असताना तिचा परिणाम जास्त होतो. सहा मीटरच्या केबलवर ५ ला वाजवलेला बेस म्हणून थोडा मऊ लागतो. हळुवार गाण्यात मी हे मुद्दाम वापरतो: टोनला हात न लावता फक्त व्हॉल्यूम ६ वर आणतो आणि तेवढा ॲम्प वाढवतो.

टोन

गेल्या पावसाळ्यात अकरावीतली एक मुलगी शिकायला आली. तिच्याकडे प्रीसिजनच्या धर्तीचा साधा बेस होता आणि टोन पूर्ण बंद करून ती वाजवत होती.

"टोन बंद का ठेवलास?" मी विचारलं.

"सर, टोन बंद केला की बेस वाढतो ना?"

मी तिला ए तार सुटी वाजवायला सांगितली आणि ती घुमत असताना टोनचा नॉब सावकाश १० वरून ० पर्यंत आणला. "खालचा आवाज वाढला का? नीट ऐक." तिने परत वाजवली, मी परत फिरवला. तिसऱ्या वेळी तिने नॉब स्वतःच धरला, डोळे मिटले, दोन-तीनदा मागेपुढे केला.

"वाढत नाही," ती म्हणाली. "वरचं जातं, म्हणून खालचं एकटं ऐकू येतं."

पॅसिव्ह टोनबद्दल याहून नेमकं मला काही सांगता येत नाही. हा नॉब काहीही वाढवत नाही. आत २५० किलोओहमचा पॉट आणि त्याला जोडलेला एक कपॅसिटर असतो, बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. नॉब बंद कराल तसा वरच्या कंपनांना जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे, जायला रस्ता मोकळा होत जातो. खालची कंपनं त्या वाटेने जात नाहीत, ती आहे तशी ॲम्पकडे पोहोचतात. नॉब पूर्ण बंद असताना साधारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या वरचं बरंचसं निघून जातं.

आता तारांचे आकडे बघा. सुटी ई तार ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. मग टोन बंद केल्याने जातं काय? तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून स्वयंभू गंधार उमटतो, हे गाणं शिकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तो खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत त्याच तारेतून उमटणारा पाचपट कंपनांचा वरचा स्वर. बेसच्या ई तारेतही तोच खेळ चालतो: ४१, ८२, १२३, १६५, २०६ आणि त्याच्याही वर कितीतरी. टोन बंद असला तरी ई तारेचे पहिले सात-आठ उपस्वर शिल्लक राहतात, म्हणून खाली वाजवताना आवाज भरदार लागतो. पण जी तारेवर बाराव्या फ्रेटला गेलात की मूळ स्वरच १९६ चा, पुढचा उपस्वर ३९२ चा, तो कपॅसिटरच्या तोंडी पडलेला. म्हणून टोन बंद करून वर चढलेल्या जागा पोकळ वाजतात. वादकाला वाटतं आपलं बोट कच्चं पडतंय. बोट ठीक असतं, त्या स्वराला उपस्वरच उरलेले नसतात.

हे उपस्वर ऐकणाऱ्याच्या दृष्टीनेही मोलाचे आहेत. मोबाइलचा स्पीकर दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. तरी त्यावर बेसची चाल ओळखू येते, कारण कान वरच्या उपस्वरांवरून खालचा मूळ स्वर भरून काढतो. उपस्वरच कापून टाकले तर कानाला भरून काढायला काही राहत नाही, नुसती घुम् घुम् होते.

टोन लावायची रीत अशी. नॉब पूर्ण उघडून गाण्यातली खरी चाल वाजवा, स्केल नको. तारांवर बोट घासल्याचा, फ्रेटला तार लागल्याचा आवाज कितपत येतो ते ऐका. आता वाजवत वाजवतच, दोन आवर्तनांच्या मधे, नॉब थोडा थोडा बंद करत या. एक जागा अशी येते की घासल्याचा आवाज मागे सरतो पण प्रत्येक स्वराची सुरुवात अजून स्पष्ट असते. माझ्या बेसवर ती ६ आणि ७ च्या मधे आहे. आणखी खाली गेलात की स्वराची सुरुवात गोल होते. पखवाजाच्या धुम्यावर कणकेचा थर वाढवत गेल्यावर जसा बोल जड आणि बुटका होतो, तसं. २ च्या खाली तर स्वर उमटतो कधी आणि संपतो कधी हे कळेनासं होतं. या तिन्ही जागा नॉबशेजारी पेन्सिलने खुणावून ठेवा.

शून्य ही चूक आहे असं मात्र समजू नका. रेगेसाठी मला तीच जागा लागते, नेककडचा पिकअप एकटा आणि टोन पूर्ण बंद. अंगठ्याने स्लॅप करायचा, म्हणजे तारेवर अंगठा आपटून वाजवायचं असेल तर उलट, सगळं उघडं. पिकने रॉक वाजवताना ७ ते ८, नाहीतर पिकची टकटक सिंबलमध्ये मिसळते. आणि वाजवण्याची जागासुद्धा टोनचंच काम करते. उजवा हात ब्रिजकडे सरकवला की आवाज कडक होतो, फ्रेटबोर्डच्या टोकाशी नेला की मऊ. नॉबला हात घालण्याआधी हात सरकवून बघायची सवय लावा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सन यांच्या १९६२ च्या प्रीसिजनवर जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. तो प्रसिद्ध आखूड, गोल नाद नॉबच्या आधीच, तारेपाशी तयार होत होता.

कपॅसिटर बदलावा का, असं पुष्कळ जण विचारतात. ०.१ चा लावला तर बंद केलेला टोन आणखी गडद होतो, ०.०२२ चा लावला तर कमी. ज्यांचा नॉब नेहमी ५ च्या वर असतो त्यांना फरक जवळजवळ कळत नाही. भाग स्वस्त आहे, हौस असेल तर जरूर करा, पण आधी तारा बदला.

दोन पिकअपचा मेळ

जॅझ बेस असणाऱ्यांसाठी खरी खाण इथे आहे, आणि ती बहुतेकांनी उघडलेलीच नसते.

नेककडचा पिकअप तार जिथे मोठी हलते तिथे असतो, म्हणून त्याचा आवाज भरीव आणि खोल. ब्रिजकडे तार कमी हलते, तिथे आवाज लहान, आवळलेला, नाकातून आल्यासारखा, पण स्वर टोकदार. दोन्ही पूर्ण उघडले की दोघांची नुसती बेरीज होत नाही. दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या जागा ऐकत असतात. मधल्या पट्ट्यातली काही कंपनं एकाकडे वर जात असताना दुसऱ्याकडे खाली येत असतात आणि एकमेकांना खातात. खाली भरदार, वर चमकदार, मधे खळगा, असा आवाज मिळतो. घरी एकट्याने ऐकायला तो फार गोड. स्लॅपलाही छान. पण बँडमध्ये बेस ऐकू येतो तो त्या मधल्या पट्ट्यामुळेच, आणि तिथेच खळगा पडलेला असतो.

आता हे करून बघा. दोन्ही व्हॉल्यूम १०, टोन १०. एक चार मात्रांची चाल सतत वाजवत राहा. ब्रिजचा व्हॉल्यूम १० वरून ८ वर आणा. आवाज फारसा कमी झाला नाही, पण मधला भाग भरून आला, हे ऐकू येईल. परत १० वर न्या आणि या वेळी नेकचा व्हॉल्यूम ८ वर आणा. पुन्हा मधला भाग आला, पण वेगळ्या रंगाचा, जरा गुरगुरणारा. १० पासून ८ पर्यंतच्या या एवढ्याशा पट्ट्यात सगळ्यात जास्त बदल होतो. ७ च्या खाली गेलात की एक पिकअप जवळजवळ एकटाच बोलायला लागतो. म्हणून इथे नॉब केसाएवढा फिरवायचा आणि लगेच दोन आवर्तनं ऐकायची.

बेसवादक जाको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जॅझ बेसचा तो ओळखीचा, गाणारा आवाज मुख्यतः ब्रिजकडच्या पिकअपचा आहे. नुसता ब्रिज पिकअप घेऊन ॲम्पवरचं खालचं थोडं वाढवलं तर त्या दिशेने जाता येतं, पण त्यासाठी बोटंही ब्रिजजवळ आणि नेमकी पडायला हवीत. हा पिकअप काहीच झाकत नाही.

भरणीच्या गाण्यांना, म्हणजे जिथे बेसने मागे राहून गायकाला उचलून धरायचं असतं, मी नेक १०, ब्रिज ६ किंवा ७, टोन ६ असं लावतो. कोळीगीतासारख्या उड्या मारणाऱ्या ठेक्याला नेक ८, ब्रिज १०, टोन ७. हे माझ्या गिटारचे, माझ्या बोटांचे आकडे आहेत. तुम्ही इथून सुरुवात करा आणि कान नेईल तिकडे जा.

जॅझ बेसवर एक गोष्ट मोजून घ्यावी लागते. दोन्ही व्हॉल्यूम सारखे असताना दोन पिकअपमधली घरघर एकमेकींना मारते. एक कमी केला की थोडी घरघर परत येते. मधल्या पट्ट्यासाठी मी ती सोसतो. गाणं सुरू झालं की ती ऐकू येत नाही, पण हळुवार सुरुवातीच्या गाण्याआधी दोन्ही सारखे करायला विसरत नाही. प्रीसिजनच्या १९५७ पासूनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपला हा प्रश्न नाही. त्याचे दोन अर्ध मिळून घरघर आधीच मारतात.

ॲक्टिव्ह बेस

इथे नॉब खरोखर वाढवतात, आणि गडबड त्यामुळेच होते. बहुतेक नॉबना मधोमध खाच असते. तिथे काही वाढ नाही, काही घट नाही. खाचेच्या उजवीकडे वाढ, डावीकडे घट. तुमच्या नॉबला खाच नसेल तर गिटारसोबत आलेला कागद बघून सपाट जागा शोधा.

सुरुवात नेहमी सपाट. नंतर आधी घटवून बघा. आवाज घुमतोय तर बेस थोडा डावीकडे, खणखणतोय तर ट्रेबल डावीकडे. वाढवायची वेळ आलीच तर खाचेपासून घड्याळाच्या एका तासाएवढं, त्याहून जास्त नाही. आकडा बघा: १२ डेसिबलची वाढ म्हणजे त्या पट्ट्यासाठी ॲम्पला सुमारे १६ पट ताकद लागणार. बेसचा नॉब टोकाला नेल्यावर स्पीकर फडफडतो तो यामुळे. मिडचा नॉब असेल तर त्याला मात्र मनमोकळेपणे हात लावा. स्टेजवर ऐकू येत नसेल तेव्हा सर्वात आधी तोच, जरासा उजवीकडे.

बॅटरी ९ व्होल्टची. अशा बेसमध्ये केबलचा जॅकच स्विचचं काम करतो: केबल आत म्हणजे बॅटरी चालू, ॲम्प बंद असला तरी. वाजवून झालं की केबल काढा. एका गणेशोत्सवात तिसऱ्या गाण्याला माझ्या बेसचा आवाज आधी फाटला, मग बारीक होत होत गेला. आदल्या रात्री सरावानंतर केबल तशीच राहिली होती, आणि बॅटरी आधीपासूनच म्हातारी होती. त्या दिवसापासून गिटारच्या बॅगेत एक सीलबंद बॅटरी आणि झाकणाचा छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच. मल्टीमीटर असेल तर मोजा. आठ व्होल्टच्या खाली गेली की कार्यक्रमाला ती नेऊ नका.

बँडमध्ये बसवताना

घरी लावलेला आवाज स्टेजवर तसाच लागत नाही, याला कारण आहे. कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. घरी हळू वाजवताना म्हणून आपण खालचं वाढवतो, आणि तीच जुळणी हॉलमध्ये मोठ्या आवाजात गेली की चिखल होतो. घरच्या जुळणीवर भरवसा ठेवताना खालचं थोडं कमीच धरा.

मग बाकीची वाद्यं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याचा डावा हात अनेकदा खाली बेसच्याच जागेत असतो. ऑक्टोपॅडचा किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा आवाज) भलामोठा असतो. ढोलकीची धुमही तिथेच. आवाज वाढवून या तिघांवर मात करता येत नाही. आधी कीबोर्डवाल्याला प्रेमाने सांगा, "दादा, डावा हात एक सप्तक वर घेशील का?" मग किकसोबत एकट्याने चाल वाजवून पाहा. किक आणि बेस एकाच ढेकळासारखे लागले तर टोन एक-दोन घरं उघडा, किंवा जॅझ बेसवर ब्रिजचा पिकअप थोडा पुढे आणा. स्वराला कड येते आणि दोघं वेगळे दिसायला लागतात.

एवढं करून कुणाला तरी फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करायला सांगा, समोरच्या चौथ्या-पाचव्या रांगेतून. फोनवर खर्ज फारसा ऐकू येत नाही, म्हणूनच तो इथे उपयोगी. त्या रेकॉर्डिंगवर बेसचे स्वर गुणगुणता आले तर मधला भाग जागेवर आहे. नुसता धबधब ऐकू आला तर टोन उघडा. आर. डी. बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळची गाणी आधी चांगल्या हेडफोनवर आणि मग फोनच्या स्पीकरवर ऐका, आणि बेसची चाल फोनवर कितपत मागे राहते ते तपासा. कान तयार करायला याहून सोपा रियाज नाही.

घरघर, खरखर आणि सुटलेले नॉब

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते, हे नेहमीचं आहे. ब्रिजला अर्थची तार जोडलेली असते म्हणून तसं होतं. हात लावल्यावर वाढत असेल, बोटांना झिणझिण्या येत असतील किंवा माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल तर वाजवणं ताबडतोब थांबवा आणि साउंडवाल्याला अर्थिंग तपासायला लावा. मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये हा धोका खरा असतो. नॉब नंतर.

खरखर हा आपल्याकडे पावसाळ्याचा आजार, आणि कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने तो लवकर येतो. आधी ॲम्प बंद करून नॉब टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बऱ्याचदा एवढ्यानेच जातो. नाही गेला तर पाठीची प्लेट किंवा पुढची पट्टी उघडा. पॉटच्या पायांच्या वर एक छोटी फट दिसेल. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच फवारा मारा आणि परत फिरवा. दाराच्या बिजागरीला मारतो तो तेलकट स्प्रे वापरू नका, त्याचा थर आत राहतो आणि धूळ धरतो.

नॉबसोबत आतला पॉटच फिरतोय असं वाटलं तर थांबा. खालचा नट सैल झालाय, आणि असंच फिरवत राहिलात तर आतल्या तारा पिळवटून तुटतात. नॉब काढा: बाजूला बारीक स्क्रू असेल तर तो सैल करून, नसेल तर नॉबखाली सुती कापडाची पट्टी गुंडाळून सरळ वर ओढून. पक्कड लावू नका. आतून पॉट बोटांनी धरून वरचा नट पान्याने आवळा.

पॉट पुरताच गेला असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जुना पॉट हातात घेऊनच जा. २५० के किंवा ५०० के हा आकडा, ए की बी हे अक्षर आणि दांड्याची जाडी, तिन्ही जुळायला हवं. दांडा जाड निघाला तर तुमचा नॉब बसणार नाही. तारा सोडवण्याआधी फोनवर जवळून फोटो काढा. नवा पॉट सोल्डर करून झाला की प्लेट लगेच बंद करू नका. ॲम्प हळू आवाजात लावा, ए तार सुटी वाजवा आणि ती घुमत असताना नॉब शून्यापासून दहापर्यंत एकदा सावकाश फिरवून ऐका.